हंडा थोरल्याचा, टोपण धाकट्याचं

तिहोमिर : परत तिथूनच सुटली बघ वाफ, टोपणाखालनं.

मिलुन : दिसतंय मला. आंधळा नाही मी.

तिहोमिर : अक्रोडाच्या बाजूनं.

मिलुन : आणि फाटकाच्याही. दोन्हीकडनं. तू कणीक लाव, बोलू नको.

तिहोमिर : लावतोय की. बोटं भाजली माझी. कणकेची ही चौथी परात आहे, मिलुन. एवढ्या पिठात तुझ्या बायकोनं, देसांकानं, आठवड्याच्या भाकऱ्या केल्या असत्या.

मिलुन : देसांका चाचाकच्या बाजाराला गेलीय, पाचच्या बसनं येईल. ती यायच्या आत हे टोपण बसलं पाहिजे. नाहीतर तिचं तोंड सुरू होईल, मग या वाफेचं काहीच वाटणार नाही आपल्याला.

तिहोमिर : राख घालू का कणकेत? वुकाशिन घालतो त्याच्या भट्टीवर.

मिलुन : घातलीय. राख घातली, मीठ घातलं, अंड्याचा बलक घातला. आता माझं डोकं तेवढं घालायचं राहिलंय.

तिहोमिर : बरं झालं आधी नुसतं पाणी उकळून बघितलंस. आलुबुखाराचा सडवा घातला असतास तर अर्धी दारू, एवढी चांगली राकिया, अक्रोडानं प्यायली असती.

मिलुन : मला एक समजावून सांग. हे तिसरं टोपण. पहिलं वाकडं झालं, मान्य. दुसरं ठोकता ठोकता पातळ झालं, फाटलं, तेही मान्य. पण हे? सत्तावीस दिवस झाले मला ठोकायला लागून. हंड्याच्या तोंडाला दोरी लावली, गाठ मारली. तीच दोरी टोपणाच्या काठाला. ही बघ दोरी. सुताचा फरक आहे का?

तिहोमिर : नाही. गाठीला गाठ बसते.

मिलुन : मग?

तिहोमिर : मला काय विचारतोस? मी जन्मभर पत्रं वाटली. पोस्टमनला तांब्यातलं काय कळतं?

मिलुन : मग तुला कूम कशाला केलं? लग्नात माझ्यामागं मेणबत्ती घेऊन उभा राहिलास, माझ्या दोन्ही पोरांना बाप्तिस्म्याला देवळात हातावर धरलंस. कूम म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा, असं म्हणतात.

तिहोमिर : भावाचं नाव तू काढलंस हं. मी नाही.

मिलुन : नाव नाही काढलं. लोक म्हणतात ते सांगितलं. आणि हे बघ, आता तुझ्या हाताखालून सुटली.

तिहोमिर : कारण एकीकडं दाबलं की दुसरीकडं उचलतंय. कालसुद्धा असंच. अक्रोडाकडं दाबलं की...

मिलुन : काल?

तिहोमिर : नाही म्हणजे, मागं.

मिलुन : काल आपण भट्टी पेटवलीच नव्हती. काल मी टोपणाला आतून कल्हई करत बसलो होतो, आणि तू गुडघा दुखतोय म्हणून आलाच नाहीस.

तिहोमिर : दुखतच होता. तुमच्या त्या ओढ्यातल्या दगडानं दुखवलाय. तो मधला दगड हलतो, मिलुन. पाय ठेवला की कलतो. किती वेळा सांगितलं, एक पहार घ्या आणि नीट बसवा.

मिलुन : तो दगड माझ्या हद्दीत येत नाही. ओढ्याच्या मधोमध आहे, आणि मधून पलीकडचं सगळं त्याचं. त्यानं बसवावा.

तिहोमिर : तो म्हणतो तुझ्या हद्दीत आहे.

मिलुन : तो म्हणतो? तुला कधी म्हणाला? आणि तुला ओढा ओलांडायचं कामच काय पडतं? तुझं घर तर वर, देवळापाशी.

तिहोमिर : कणीक कमी पडतीय. आणू का आणखी?

मिलुन : थांब. गप्प बस जरा. ऐक.

तिहोमिर : काय?

मिलुन : ठोकतोय.

तिहोमिर : कोण?

मिलुन : ओढ्यापलीकडं दुसरं कोण राहतं? ठण ठण ठण. आता थांबला. आता परत तीन. महिनाभर हेच चाललंय. मी सकाळी तीन ठोके मारले की तिकडनं तीन येतात. मी थांबलो की तोही थांबतो. मला वाटायचं चिडवतोय. माकड माकडाला चिडवतं तसं.

तिहोमिर : स्वतःलाही माकडात धरलंस तू.

मिलुन : पण आज मी हातोडीला हातच लावला नाही. तरी ठोकतोय. मग हे चिडवणं कसलं?

तिहोमिर : छप्पर नीट करत असेल. हिवाळा आला.

मिलुन : कौलारू छपराला ठण असा आवाज येतो?

तिहोमिर : पन्हाळ असेल मग.

मिलुन : महिनाभर? एवढा पन्हाळ ठोकला तर तो चाचाकपर्यंत जाईल. तिहोमिर, इकडं बघ. माझ्या डोळ्यांत बघ. तो काय ठोकतोय?

तिहोमिर : मी शपथ घेतलीय.

मिलुन : कशावर?

तिहोमिर : भाकरीवर आणि मिठावर.

मिलुन : कोणापुढं घेतलीस?

तिहोमिर : त्याच्यापुढं. त्याआधी तुझ्यापुढंही घेतली होती, टोपणाबद्दल कोणाला सांगणार नाही म्हणून. मी दोन्ही पाळल्या. गेला महिनाभर मी रात्री झोपेत काही बोलेन म्हणून बायकोला दुसऱ्या खोलीत निजवलंय.

मिलुन : म्हणजे तू त्याच्याकडं जातोस.

तिहोमिर : मी त्याचाही कूम आहे. त्याच्याही लग्नात मेणबत्ती धरलीय. तुमचं पटत नाही यात मेणबत्तीचा काय दोष?

मिलुन : आणि करतोस काय तिथं जाऊन?

तिहोमिर : पत्रा धरतो.

मिलुन : कसला?

तिहोमिर : तांब्याचा.

मिलुन : सकाळी माझा पत्रा धरायचास आणि दुपारी त्याचा?

तिहोमिर : पत्रा दोघांचाही जड होता, मिलुन. माझ्या वयाच्या माणसाला...

मिलुन : तो काय बनवतोय?

तिहोमिर : हंडा.

मिलुन : हंडा? त्याला हंडा कशाला?

तिहोमिर : त्याच्याकडं टोपण आहे म्हणून.

मिलुन : टोपण आहे म्हणून हंडा बनवतो, याला काय अर्थ आहे?

तिहोमिर : तुझ्याकडं हंडा आहे म्हणून तू काय बनवतोयस?

मिलुन : माझं वेगळं आहे.

तिहोमिर : ते मलाही समजावून सांग मग. कारण माझं डोकं पार भंजाळलंय. तुमचा बाप गेला, वाटणी झाली. एक भट्टी, दोन भाऊ. शहाणी माणसं म्हणाली, एक वर्ष याच्याकडं राहू दे, एक वर्ष त्याच्याकडं. तुम्ही काय केलंत? हंडा थोरल्याला, टोपण आणि नळी धाकट्याला. कोण म्हणालं होतं, "घे टोपण, बघू हंड्याशिवाय काय उकळतोस ते"?

मिलुन : तो म्हणाला आधी. तो म्हणाला, "घे हंडा, त्यात कोंबड्या बसव."

तिहोमिर : दोघं एकदम म्हणालात. मी मध्ये उभा होतो. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापून घेणारे पुष्कळ बघितले. पण एकाच नाकाचे दोन तुकडे करून दोघांनी घरी नेलेले तुम्हीच.

मिलुन : बोलून घे.

तिहोमिर : अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तुझा हंडा उपडा आणि त्याचं टोपण खुंटीला. तू वुकाशिनच्या भट्टीवर रांग लावतोस आणि दर दहा लिटरमागं एक त्याला देतोस. तो वरच्या वाडीत जातो आणि तिथं तेच करतो.

मिलुन : म्हणून तर बनवतोय ना आता? कोणाच्या दारात जायला नको म्हणून. आणि तो माझी नक्कल करतो.

तिहोमिर : नक्कल नाही. त्यानं पत्रा तुझ्याआधी आणला, जुलैत. त्याचाही हा दुसरा हंडा आहे. पहिल्याचं बूड गेलं.

मिलुन : आणि दुसऱ्याचं?

तिहोमिर : काल पाणी घालून उकळला.

मिलुन : मग?

तिहोमिर : दोरी बरोबर, वाफ चूक. दोन बाजूंनी सुटते.

मिलुन : त्याचीपण?

तिहोमिर : समोरासमोर. जशी तुझी. म्हणून मघाशी तोंडातून निघून गेलं. आता तूच सांग, तू बनवलेलं टोपण बापाच्या हंड्यावर बसत नाही, त्यानं बनवलेल्या हंड्यावर बापाचं टोपण बसत नाही. मोजमाप दोघांचं बरोबर. हे काय भूत आहे?

मिलुन : त्याला हसू आलं का?

तिहोमिर : कशाचं?

मिलुन : मी टोपण बनवतोय याचं.

तिहोमिर : त्याला माहीत नाही. शपथ, म्हटलं ना. तो फक्त रोज विचारतो, "थोरला काय ठोकतोय?" मी सांगतो, छप्पर.

स्तामेना : कॉफी थंड झाली माझी.

मिलुन : आई, जागी आहेस तू? मला वाटलं अक्रोडाखाली डोळा लागला तुझा.

स्तामेना : तुमच्या आवाजानं मेलेला उठेल. मी आत्ता कोणाकडं आहे?

मिलुन : माझ्याकडं. मिलुनकडं.

स्तामेना : हां. कॉफी पातळ आहे तेव्हा वाटलंच मला. आज कोणता दिवस?

मिलुन : परवा मित्रोव्दानचा सण.

स्तामेना : म्हणजे परवा मला उचलून तिकडं, धाकट्याकडं ठेवणार.

तिहोमिर : काकू, असं नका बोलू. उचलून काय, मी हात धरून नेतो दरवर्षी.

स्तामेना : नेतोस बाबा. मे महिन्यात जुर्जेव्दानला इकडं, मित्रोव्दानला तिकडं. भट्टीची वाटणी केली तेव्हा माझीही केली त्यांनी. मला उन्हाळा आणि हिवाळा असं मधून कापलं. बरंय म्हणा, हंडा आणि टोपण केलं नाही.

मिलुन : आई, तुला काही कमी पडतं का माझ्याकडं?

स्तामेना : नाही रे. तू शब्द दिला होतास एक. तेवढा राहिलाय.

मिलुन : माहितीय. तिहोमिर, ऐक तू पण. मी तिला म्हणालो होतो, या वर्षी तिकडं जायच्या आधी तुला आपल्या घरच्या हंड्याची राकिया चाखवीन. वुकाशिनची नाही. आपली. तीन पिंपं आलुबुखार सडवायला घातले, खाली पडलेलं एकही फळ घेतलं नाही. सडवा तयार होऊन चार दिवस झाले. वरचा थर खाली बसला. आज नाही तर उद्या उकळला पाहिजे, नाहीतर शिरका होईल सगळ्याचा. आणि ती एकोणनव्वद वर्षांची आहे. पुढच्या जुर्जेव्दानला...

स्तामेना : बोल की. परत येईन का नाही सांगता येत नाही. मी रागावत नाही.

मिलुन : म्हणून मी ठोकत होतो. नक्कल नाही आणि हट्ट नाही.

स्तामेना : थोडा हट्ट होता.

मिलुन : बरं, होता.

स्तामेना : आणि टोपण बसत नाही.

मिलुन : नाही बसत. कळतच नाही का ते. मी गोल केलंय, आई. हात फिरवून बघ. काठ एकसारखा आहे.

स्तामेना : टोपण गोलच आहे तुझं. छान झालंय. तुझ्या हातात बापाची कला आहे, मला वाटलं नव्हतं.

मिलुन : मग चूक काय?

स्तामेना : हंडा गोल नाही.

मिलुन : काय?

स्तामेना : एक काठी घे. हंड्याच्या तोंडात आडवी धर. नुसती दोरी फिरवून काय कळतं? पाव पिळून लांबट केला तरी त्याला दोरी तेवढीच लागते.

मिलुन : तिहोमिर, टोपण उचल. फडकं घे हाताला. हां. ती काठी दे. गोठ्याच्या अंगानं विहिरीकडं धरतो. इथं मोडतो मापात. बसली का? घट्ट बसली. आता अक्रोडाकडून फाटकाकडं.

तिहोमिर : आत पडली.

मिलुन : पडली कशी? पकड नीट.

तिहोमिर : पकडलीय रे. एक टोक टेकलंय, दुसऱ्या टोकाला दोन बोटं रिकामी. बघ तूच. दोन बोटं.

मिलुन : अक्रोडाकडून फाटकाकडं लांब आहे.

तिहोमिर : आणि वाफही तिथूनच सुटते. अरे देवा. हे नुसतं बघून नाही कळत.

मिलुन : मी अकरा वर्षं घरात ठेवलाय हा हंडा. मला माहीत नाही?

स्तामेना : तू तो उपडा ठेवलास. आणि त्याआधी कधी जवळ बसलास?

मिलुन : तेच. हेच म्हणायचंय मला. मी कधी बसलो? शरद आला की लोक आलुबुखार वेचायला सुट्टी घ्यायचे, आणि मी त्या लोकांना बसमध्ये घालून गावोगाव पोचवायचो. माझ्या पगारातनं हे घर उभं राहिलं, आई. आणि भट्टीशेजारचं ते लहान स्टूल रादोसावला मिळालं. बाबा आणि तो. दोघं तिथं बसून हसायचे. मी बस लावून यायचो, तेव्हा राकिया बाटलीत भरलेली असायची. मला कुणी सांगितलंच नाही, हंडा कसा आहे, टोपण कसं बसतं. मी थोरला होतो.

स्तामेना : नाव घेतलंस त्याचं.

मिलुन : काय?

स्तामेना : रादोसाव म्हणालास. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मिलुन : ते जाऊ दे. हंडा असा कशानं झाला ते सांग.

स्तामेना : तू केलास.

मिलुन : मी?

स्तामेना : नवा कोरा हंडा होता. बापानं पाठीवर बांधून आणलेला. तू नऊ वर्षांचा, तो सहाचा. वरच्या चढावर तू त्याला हंड्यात बसवलंस आणि दिलंस ढकलून.

मिलुन : तो स्वतः बसला होता आत. तो म्हणाला ढकल.

स्तामेना : तू सांगितलंस म्हणून म्हणाला. तू सांगितलं असतंस तर चुलीत बसला असता तो. हंडा खाली आला तो अक्रोडाच्या बुंध्यावर. तोंड दबलं. पोराचा दात पडला, पण हंड्यातून बाहेर आला तो काय म्हणत? "मिलुन, परत."

तिहोमिर : हे मला आठवतंय. दात मी शोधला होता गवतात.

मिलुन : मलाही आठवतंय. पण हंडा नीट करून घेतला होता ना? कल्हईवाला आला होता.

स्तामेना : आला होता. म्हणाला, ठोकून गोल करतो. बाप म्हणाला, नको, एकदा दबलेलं तांबं परत ठोकलं तर तडकतं. मग त्यानं स्वतः टोपणालाच हातोडी लावली. हंडा जसा दबला तसंच टोपण दाबलं. दोन दिवस लागले. आणि छिन्नीनं खूण केली, एक हंड्याच्या काठाला, एक टोपणाला. खुणेला खूण लावली की फुंकरसुद्धा जात नाही बाहेर. बघ, असेल तिथं.

मिलुन : ही? मला वाटलं ओरखडा आहे.

स्तामेना : म्हणून तुझं टोपण त्यावर बसत नाही, आणि त्याचा हंडा खाली बसत नाही. तुम्ही दोघांनी गोल केलं. गोलच करणार, कोणीही.

तिहोमिर : काकू, रादोसाव तर बापाशेजारी बसायचा. त्याला खूण माहीत असेल की.

स्तामेना : खूण माहीत असेल. पण का ते माहीत नाही. बापानं सांगितलं नाही. म्हणाला, पोराला आयुष्यभर वाटत राहील, माझ्यामुळं थोरल्यानं मार खाल्ला असेल.

मिलुन : मी मार खाल्ला नव्हता.

स्तामेना : नाही ना. दोन दिवस बाप हातोडी मारत होता ती टोपणाला. तुला वाटत होतं तुझी पाळी नंतर येईल. नंतर आलीच नाही.

मिलुन : थांब आई. एक मिनिट. मे महिन्यात इथं आल्याबरोबर तू मला काय म्हणालीस? "मिलुन, हंडा आहे, एक टोपण बनवायला काय जातं?" तू म्हणालीस. मी नाही.

स्तामेना : म्हणाले.

तिहोमिर : आणि काकू, रादोसाव मला म्हणाला होता, "हिवाळाभर आई मागं लागली होती, टोपण आहे, एक हंडा बनव."

मिलुन : दोघांनाही सांगितलंस? आणि बसणार नाही हे तुला माहीत होतं?

स्तामेना : होतं.

मिलुन : मी सत्तावीस दिवस ठोकतोय. माझा खांदा बघ. आणि तू तिथं बाकावर बसून बघत होतीस?

स्तामेना : ऐकत होते. डोळ्यांना कुठं दिसतंय आता.

मिलुन : मला काहीच कळत नाहीये. का पण?

स्तामेना : अकरा वर्षं मी या घरात असले की त्या घराचं काही ऐकू यायचं नाही. त्या घरात असले की या घराचं नाही. या खेपेला दोन्ही ऐकू आली, एका बाकावरनं. मला बरं वाटायचं. कोणती हातोडी कोणाची ते ओळखायचे. रादोसाव तिसरा ठोका हळू मारतो.

मिलुन : हे कारण झालं?

स्तामेना : आणि तू रोज सकाळी विचारायला लागलास, तो का ठोकतोय. तोही विचारत होता. तिहोमिर, खरं सांग.

तिहोमिर : रोज. तोंड धुवायच्या आधी.

स्तामेना : बस्स, मग. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी म्हटलं, पीळ सुटतो का बघू तरी.

मिलुन : बघून काय झालं? सडवा चाललाय वाया. माझ्याकडं एक हंडा आणि भलतंच टोपण, त्याच्याकडं एक टोपण आणि भलताच हंडा. तिहोमिर, तू जा. सांग त्याला. म्हणावं, टोपण दे दोन दिवस.

तिहोमिर : नाही.

मिलुन : नाही म्हणजे?

तिहोमिर : निवृत्त झालो मी. पत्रं वाटायची ती सरकारची वाटून झाली. अकरा वर्षं तुमची वाटतोय, तीही कोरी. "त्याला सांग मी काही बोललो नाही." हा तुमचा निरोप. महिनाभर पोटात दोन शपथा घेऊन फिरतोय, ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं. आता तू जा.

मिलुन : मी थोरला आहे. त्यानं आलं पाहिजे.

तिहोमिर : त्याला कळल्याशिवाय तो कसा येईल?

मिलुन : ते मला काय माहीत.

स्तामेना : हंडा रिकामा करा.

मिलुन : का?

स्तामेना : भरला हंडा वाजत नाही. तुमचा बाप काय करायचा, राकियाची पहिली धार सुटली की? विसरलास? जुनी कळशी होती, तांब्याची. तिच्यावर तीन ठोके. तुम्ही ओढ्यात मासे धरत असायचात. दोघं ओरडत वर यायचात, तुम्हाला गरम नळीशी हात शेकायचे असायचे.

तिहोमिर : मीसुद्धा यायचो.

स्तामेना : तू भाजलेल्या बटाट्यांसाठी यायचास.

मिलुन : आई, सत्तर वर्षांचा आहे मी. हंडा वाजवू आता? गाव काय म्हणेल?

स्तामेना : गाव महिनाभर ऐकतंय. तीन ठोक्यांनी काय नवीन ऐकणार?

मिलुन : धर रे त्या बाजूनं. हळू, पाणी गरम आहे. ओत. अजून. कोबीच्या वाफ्याकडं नको, देसांका जीव घेईल. हां.

तिहोमिर : झाला रिकामा. घे हातोडी.

मिलुन : तू मार.

तिहोमिर : माझा हंडा नाही.

(मिलुन हंड्यावर तीन ठोके मारतो.)

स्तामेना : हा. असाच.

तिहोमिर : तिकडचं ठोकणं थांबलं.

मिलुन : थांबलं. आणि पुढं काहीच नाही. बघितलंस? ऐकलं आणि बसून राहिला.

स्तामेना : दम धर. सदुसष्टचा आहे तो, सहाचा नाही.

मिलुन : उगाच हसं झालं माझं. कणीक काढ सगळी, तिहोमिर. उद्या पिंपं गाडीत घालतो आणि वुकाशिनकडं नेतो. रांग असेल तर असेल. आई, मला माफ कर, या वर्षीपण... थांब. हे काय?

तिहोमिर : तीनच आले.

मिलुन : पण आवाज निराळा आहे. त्याच्या हातोडीचा ठणका जाड असतो. हा पातळ आहे.

स्तामेना : हे टोपण आहे. तुझ्या बापाचं. खुंटीवरनं काढलं त्यानं.

मिलुन : तिहोमिर, तुला दिसतंय का काही कुंपणावरनं?

तिहोमिर : दार उघडं आहे. आला बाहेर. उतरतोय ओढ्याकडं.

मिलुन : हातात काय आहे?

तिहोमिर : हातात नळी आहे, काठीसारखी टेकत येतोय.

मिलुन : आणि टोपण?

तिहोमिर : डोक्यावर. टोपी घालावी तसं घातलंय.

स्तामेना : बाप असंच न्यायचा.

मिलुन : दिसतंय का त्याला पुढचं?

तिहोमिर : नाकापर्यंत आलंय ते. कशाचं दिसतंय. पायाकडं बघत येतोय झालं. आला पाण्याशी.

मिलुन : तिहोमिर, तो दगड.

तिहोमिर : कोणता?

मिलुन : मधला. तो कलतो. पडेल तो. त्याला सांग.

तिहोमिर : मी निवृत्त झालो, म्हटलं ना.

मिलुन : अरे, तो पाय टाकेल आता. आई, तू तरी...

स्तामेना : माझा आवाज कुठं पोचतो तिथवर?

मिलुन : रादोसाव, थांब. मधल्या दगडावर पाय देऊ नको, हलतो तो. तिथंच थांब, मी येतो.